गोदावरीला जाणारी जाळी

आमच्या सोसायटीत गटार घाण करणारा एकही माणूस राहत नाही. मीनाच्या पहिल्याच सभेत हे एकमतानं ठरलं. घाण करतात ते समोरच्या सोसायटीतले. समोरच्यांच्या सभेत काय ठरलं ते मी विचारलं नाही. शेजारधर्म म्हणून काही असतं.

मीना इगतपुरीची, त्यामुळे पावसाचं पाणी काय करू शकतं हे तिला वेगळं शिकवायला नको होतं. एका संस्थेनं तिला सहा महिन्यांसाठी नेमलं होतं. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात पाण्याशिवाय काही टाकू नका, एवढंच तिनं लोकांना पटवायचं होतं. महिनाअखेरीस संस्थेचे साहेब येऊन आमच्या कोपऱ्यावरच्या गटाराची जाळी बघणार होते. जाळी साफ दिसली तर नेमणूक पुढे चालू, नाहीतर इगतपुरीला परत.

सभेत तिनं सांगितलं की हे पाणी कुठंही गाळलं जात नाही. नासर्डी नदीत जातं आणि तिथून सरळ गोदावरीत. सगळे मनापासून हळहळले, चहा प्याले आणि जाता जाता कागदी कप जाळीत टाकून घरी गेले.

मग मीनानं रंग आणला. जाळीशेजारी निळा मासा काढला आणि खाली ठळक लिहिलं : ‘इथून थेट गोदावरीत.’

परिणाम झाला, तोही ताबडतोब. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या बद्रुद्दीननं ते वाचलं आणि गाडीचं जळकं ऑईल जाळीत ओतणं त्याच दिवशी बंद केलं. तो ते कॅनमध्ये साठवून भंगारवाल्याला देऊ लागला. जे लिहिलंय तसंच वागणारा माणूस मी आयुष्यात प्रथमच पाहिला.

माशाखालचं वाक्य आमच्या सोसायटीतल्या चतुराबाईंनीही वाचलं. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. दोन वर्षांत नदीवर जाणं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीत झेंडूच्या माळा, दूर्वा आणि एक नारळ होता. माशाला हळदकुंकू लागलं होतं.

आठवड्याभरात आजूबाजूचे लोक निर्माल्याच्या पिशव्या घेऊन स्कूटरवरून येऊ लागले. नदीवर पार्किंग मिळत नाही, इथं मिळतं. पहिली सर आली तशी जाळी तुंबली आणि बद्रुद्दीनच्या गॅरेजात घोट्याएवढ्या पाण्यावर झेंडू तरंगले. त्यानं ऑईलचा कॅन तेवढा उचलून फळीवर ठेवला.

साहेब यायला चार दिवस उरले होते. मीनानं चतुराबाईंना गाठलं.

“आजी, इथं निर्माल्य नका ना टाकू.”

“अगं, मग गोदावरीत नाही टाकायचं तर कुठं? तूच लिहिलंयस की.”

मीना माझ्याकडे आली. जन्मभर लोकांना टोचणारं लिहिलंत, आता कुणाचा गैरसमज होणार नाही असं एक वाक्य द्या, म्हणाली. मी दोन दिवस मागून घेतले, आणि चौथ्या दिवशीही माझा विचार चालू होता.

दरम्यान तिनं बद्रुद्दीनकडून एक रिकामा ड्रम मागून घेतला होता. घासून, निळा रंगवून तो तिनं जाळीपासून चार पावलांवर ठेवला. जाळीशेजारचं वाक्य खरवडलं आणि तेच ड्रमवर लिहिलं. फुलं ड्रममध्ये पडू लागली. रोज सकाळी निर्माल्याचं खत करणाऱ्यांची गाडी ती घेऊन जाई. जाळी कोरडी आणि रिकामी. खरं लिहिलं होतं तेव्हा ती इतकी साफ कधीच नव्हती.

साहेब आले. जाळी पाहून मान डोलावली. मग ड्रम वाचला, आत डोकावले, खालूनही वाकून पाहिलं.

“मॅडम, यातून गोदावरीत कसं जातं?”

मीनाचा चेहरा उतरला. बद्रुद्दीन पाना पुसत उभा राहिला. मी चपलेकडे पाहिलं.

चतुराबाई माळ घेऊन येतच होत्या. त्यांनी ती ड्रममध्ये सोडली, हात जोडले आणि साहेबांकडे वळल्या.

“ड्रमाला बूड आहे हे मलाही दिसतं हो. पण त्या जाळीशी वाकावं लागायचं. इथं नाही लागत.”

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि वहीत लिहिलं : ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी विशेष सोय.’

मीनाची नेमणूक वाढली. आता तिला आणखी चाळीस जाळ्या दिल्या आहेत. बद्रुद्दीन ड्रम शोधतोय.