चटईवरचे बूट

आमच्या बेटावरचे म्हातारे दुखणं खरं सांगत नाहीत. त्यापायी एक दिवस माझंच डोकं फुटणार आहे.

तामोत्सु आजोबा जन्मभर समुद्रात माकूळ मासे धरणारे. सकाळी नऊला दवाखान्यात आले. सहापासून पोट दुखतंय म्हणाले.

"दहापैकी किती?"

"तीन असेल, डॉक्टरीणबाई. उगाच तुम्हाला त्रास."

चेहरा घामाने डबडबलेला. पोट दाबलं तर लोण्यासारखं मऊ. नाडी मात्र वेडीवाकडी पळत होती.

"रक्त पातळ करायची गोळी घेताय ना?"

"बोटीच्या कामात राहिली थोडी."

"थोडी म्हणजे?"

"महिनाभर."

झालं! हृदयातली गुठळी आतड्याच्या रक्तवाहिनीत अडकली, तर पोट मऊ राहतं आणि दुखणं जीवघेणं असतं. पाच-सहा तासांत आतडं मरायला लागतं. खात्री करायची तर शिरेतून औषध सोडून रक्तवाहिन्यांचा स्कॅन हवा, पण ते औषध मूत्रपिंडांना बाधतं, आणि आजोबांची आधीच अधू. नुसत्या तीनच्या आकड्यासाठी ती जोखीम घ्यायची?

"खरं सांगा हो, आजोबा."

"बरं, चार लिहा."

त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. रक्त तपासलं, एक्स-रे काढला, पुन्हा विचारलं. चारच. यात पाऊण तास गेला.

मग कागद भरून त्यांची बायको कियोए आत आली. कमरेत वाकली. "उशीर झाला, माफ करा. सातलाच निघणार होतो. पण हे धक्क्यावरून आले ते बूट घालूनच थेट आतल्या चटईवर गेले. पन्नास वर्षांत असं कधी केलं नव्हतं. दोनदा पुसली, मग यांचे कपडे बदलले."

आजोबांनी शरमेने तोंड भिंतीकडे वळवलं.

बूट काढायचंही ज्याला सुचलं नाही, त्याचं दुखणं चार कसं असेल? मी लगेच स्कॅनच्या खोलीत फोन केला. स्कॅनमध्ये आतड्याची मुख्य रक्तवाहिनी गुठळीपाशी मध्येच तुटल्यासारखी दिसत होती. नागासाकीहून हेलिकॉप्टर मागवलं.

दुपारी तिथल्या सर्जनचा फोन आला. आजोबा वाचले, पण दोन हात आतडं कापावं लागलं. दीड-दोन तास आधी आले असते तर तेही वाचलं असतं.

कियोएला मी ते जसंच्या तसं सांगितलं. ती पुन्हा वाकली.

"त्या चटईपायी गेलं. चूक माझीच, डॉक्टरीणबाई."

माझा पाऊण तास तिला माहीत नव्हता. मीही सांगितला नाही.