विस्तवाशिवाय रावस

बर्नार्ड मालवाहू जहाजावर आचारी होता. तीस खलाशांना तो दोन्ही वेळा जेवू घालायचा आणि त्यांपैकी कोणीही अजून समुद्रात उडी मारलेली नव्हती. तरी निर्मळ गावी त्याच्या सासूबाई, कॅथरिनबाई, त्याला बटाटे सोलणाराच समजत. लग्नाला आठ वर्षं झाली, पण जावयाच्या हातचा एक घास त्यांनी खाल्ला नव्हता. तो रजेवर आला आणि चुलीपाशी गेला, की बाईंची दाढ दुखू लागे. एरवी वर्षभर त्याच दाढेने त्या ऊस सोलत.

एकोणऐंशी सालच्या रजेत बर्नार्डने ठरवलं, परत जाण्याआधी सासूबाईंना आपल्या हातचं खायला लावायचंच. सोमवारी जहाज होतं आणि मध्ये आला उपवासकाळातला शुक्रवार. त्या दिवशी मांस सगळ्या गावालाच वर्ज्य, मासे चालत. कॅथरिनबाईंनी त्यावर स्वतःचा नवस चढवला होता: विस्तव लागलेलं काहीच खायचं नाही. दिवसभर केळी. सहाव्या केळ्यानंतर भक्ती जरा पातळ होतेच.

"आई, विस्तवाशिवाय मासे करतो," बर्नार्ड म्हणाला.

"मांजर पन तसंच खाते."

"फिजी बेटावर माणसं खातात. आमची बोट तिथे लागते."

"ती ख्रिस्ती हायेत का?"

"रविवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते."

बाईंनी हातातलं सातवं केळं खाली ठेवलं. बर्नार्डची बायको पॉलिन लगेच कोळणीकडून ताजा रावस घेऊन आली. बर्नार्डने त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, मीठ लावलं आणि वर बारा लिंबं पिळली. बाई रोझारीची जपमाळ घेऊन भांड्याशेजारी स्टुलावर बसल्या.

"मी हलनार नाय. तुमचा काय भरवसा, स्टोला दाखवून आनाल."

"किती वेळ मुरवायचं?" पॉलिनने विचारलं.

बर्नार्डने घड्याळाकडे न बघता सासूबाईंकडे बघितलं. "दोन रोझारी."

पहिली संपत आली तसा मासा पांढरा पडू लागला. बाईंनी 'नमो मरिया' अर्ध्यावर सोडली.

"पॉलिन! हा शिजला गं!"

त्यांनी चुलीत हात घातला, राख गार. स्टोचा वास घेतला. भांड्याचं बूड चाचपलं. खिडकीतून ऊन येतं का तेही पाहिलं.

"लिंबाने होतं ते, आई."

"मग लिंबात विस्तव असतो का?"

याचं उत्तर फादरांनाही सुचलं नसतं, म्हणून त्यांना विचारायला कोणी गेलं नाही. दुसरी रोझारी मात्र पहिलीपेक्षा बरीच लवकर आटोपली.

बर्नार्डने लिंबाचं पाणी निथळून टाकलं, बारीक कांदा, हिरवी मिरची घातली आणि वर नारळाचं दूध ओतलं. मग वाटी सासूबाईंपुढे केली.

"दाढ कशी आहे, आई?" पॉलिनने विचारलं.

"गप बस."

बाईंनी क्रुसाची खूण केली. एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. शेवटी वाटी तोंडाला लावून उरलेलं दूधही प्यायल्या, आणि एकदम त्यांचं तोंड उतरलं.

"वाईट झालं?" बर्नार्डने विचारलं.

"चांगलं झालं," पापाची कबुली द्यावी तशा बाई म्हणाल्या. "तिथंच घोटाळा झाला ना! नवस म्हंजे जिवाला त्रास पायजे. ह्याच्यात त्रास कुठाय?"

"म्हणजे पुन्हा नको?"

"शुक्रवारी नको," बाई म्हणाल्या. "परवा रविवार हाय. तेव्हा कर, आन रावस जरा मोठा बघ. शेजारच्या मार्थाला पन बोलावते. तिचा जावई काय, नुसता बँकेत हाय."