कागदावर चाललेला संच

मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी वीज केंद्रातला वीज तयार करणारा एकुलता एक संच बंद पडला आणि सगळं शहर दोन तास विजेवाचून बसलं. आता हे झालंच नाही असं धरून चला. केंद्रातले सगळे तसंच धरून चालले होते.

कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला आकडे तोंडपाठ, म्हणून त्याला सगळे मीटर म्हणत. त्या दिवशी साडेबाराला डबा उघडण्याआधी त्याने एक, दोन आणि तीन वाजताचे आकडे लॉगबुकात आगाऊ लिहून टाकले. यात लबाडी नव्हती, तिथली ती रीतच होती. संच वर्षानुवर्षं साठ मेगावॅटवर घोरत पडलेला. दर तासाला उठून त्याचा ताप कशाला बघायचा? शिफ्टच्या साहेबांनीही जेवायला जाताना खाली सह्या ठोकल्या.

मग पाण्याचा पंप अडकला, बॉयलर गप्प झाला, टर्बाइन थांबलं. लॉगबुकात मात्र ते तीनपर्यंत झकास फिरत राहिलं. पक्की शाई, पानांवर छापील क्रमांक. खाडाखोड सापडली तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली की वसाहतीतल्या दोन खोल्या गेल्या. त्यातल्या एका खोलीत मीटरची आई अंथरुणाला खिळलेली. तिला खाटेसकट कुठे न्यायचं, हा हिशेब मीटरने त्याच दुपारी सुरू केला.

"साहेब, ती तीनची नोंद..."

"खाली सही कुणाची आहे?"

"आपली."

"मग चालू होता."

घरी बायकोने विचारलं, "अहो, दुपारी पंखा का बंद होता?"

"पंखा बंद नव्हता."

"मी दोन तास वर्तमानपत्राने सासूबाईंना वारा घालत होते!"

"हळू बोल. घालत नव्हतीस."

बायकोने कपाळाला हात लावला. ताप नवऱ्याला आहे की आपल्याला, हे तिला नक्की कळेना.

पुढे त्या केंद्रातल्या कितीतरी गोष्टी मीटर विसरला, पण तो आठवडा त्याला मिनिटामिनिटाने आठवायचा. शुक्रवारी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. लॉगबुकाप्रमाणे मंगळवारी दोन तासांत एक लाख वीस हजार युनिट वीज तयार झाली. शहराला त्यातलं एकही युनिट पोचलं नाही. सदर वीज कुठे ठेवली आहे, याचा खुलासा तीन दिवसांत करावा, अन्यथा संबंधित ऑपरेटरने ती लांबवली असे समजण्यात येईल.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि गोदाम तपासायला लावलं. गोदामवाल्याने आधी किल्ली शोधली, मग वीज. संध्याकाळी त्याने लेखी कळवलं: शोध घेतला, आढळून आली नाही, जुनी शिडी मात्र सापडली.

मीटरला जेवण जाईना. शेवटी तो साहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, मी खरं सांगून टाकतो."

"सांग की. म्हणजे तू खोटं लिहिलंस आणि मी खोट्यावर सही केली. दोघंही घरी."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तू एकटाच घरी. चोर म्हणून." साहेबांनी चष्मा पुसला. "मला दुसरा पर्याय बरा वाटतो, पण तुझ्यावर जबरदस्ती नाही."

त्या संध्याकाळी आईने खाटेवरून विचारलं, "काय रे, तोंड का पाडलंयस?" तो म्हणाला, काही नाही. बायको मात्र उठून त्याच्यासमोर बसली. "चोर म्हणून या घरातून निघायचं नाही. काय ते कागदावर लिहा. कागदानेच घोळ केलाय ना?"

सोमवारी सकाळी, मुदत संपायच्या तासभर आधी, मीटरने तीन प्रतींत अर्ज दिला. साहेबांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, घाम पुसला आणि योग्य त्या कार्यवाहीसाठी वर पाठवला.

"महोदय, लॉगबुकातील नोंद पक्क्या शाईत असल्याने ती बदलता येत नाही, परंतु संच बदलता येण्यासारखा आहे. तरी गेल्या मंगळवारी दुपारी एक दहा ते तीन दहा या वेळेत संच बंद ठेवण्यास मागील तारखेने परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. परवानगी हाती येताच संच त्या दिवशी तत्काळ बंद करण्यात येईल."