बाबांची नववी

माझे बाबा शिंपी आहेत, आणि गेल्या वर्षी नववीला मी नव्हे, तेच बसले होते. दुकान बंद करून घरी आले, की हातपाय धुवायच्या आधी विचारायचे, "आज गणितात काय दिलंय?" मदत म्हणून शेजारी बसायचे आणि पाच मिनिटांत मलाच उठवायचे. "सरक जरा, उजेड अडवतेस!" त्यांच्या आकृत्या तर अशा देखण्या, की कापड लावून थेट कापायला घ्याव्यात. मीही काही कमी नव्हते. आयतं कुणाला नको असतं?

वार्षिक परीक्षेत वहीला पैकीच्या पैकी आणि पेपरात सात. गणिताच्या बाईंनी बाबांना बोलावलं.

"वही सुंदर आहे," बाई म्हणाल्या. "ती लिहिणाऱ्याला दहावीत पाठवायला माझी ना नाही. तुमची मुलगी मात्र महिन्यानं फेरपरीक्षेत पास झाली नाही, तर नववीतच राहील."

बाबांचं तोंड एवढंसं झालं. मला बाईंचा राग आला, मग बाबांचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त स्वतःचा.

"आता तुम्ही नुसतं शेजारी बसायचं," मी घरी बजावलं. "वहीला हात लावायचा नाही, बोलायचं तर नाहीच."

बिचाऱ्यांनी हातशिलाईचं काम घेतलं आणि ओठांत टाचण्या धरल्या, म्हणजे बोलायची सोयच नको. मी चुकले की त्यांचे डोळे कपाळात जायचे, टाचण्या थरथरायच्या. पण बाहेर काही त्या आल्या नाहीत. महिनाभर मी चुकले, खोडलं, रडले, पुन्हा सोडवलं.

बावन्न मिळाले! बाबांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवून सांगितलं. संध्याकाळी मात्र माझी जुनी पुस्तकं आवरताना हळूच म्हणाले, "म्हणजे संपली आपली नववी."

"आठवीनंतर तुझ्या आजोबांनी त्यांना मशीनवर बसवलं," आई मला स्वयंपाकघरात म्हणाली. "नववीचं पुस्तक त्यांनी पहिल्यांदा उघडलं ते तुझंच."



दुसऱ्या दिवशी मी बाईंकडून एक कोरी प्रश्नपत्रिका मागून आणली आणि कोऱ्या कागदांसकट बाबांपुढे ठेवली. "दोन तास. मी तपासणार. आणि कुणाला विचारायचं नाही."

बाबांनी पेन्सिलीला टोक काढलं. कागदाच्या वर सवयीनं माझं नाव लिहिलं. मग ते खोडलं, आणि सावकाश स्वतःचं लिहिलं.