केळं बंद

हातातून सुटलेला चेंडू पायाला लागेपर्यंत किती खाली येतो, हे अंतर इंडीच्या बाबतीत गेल्या वर्षी साधारण चाळीस सेंटीमीटर होतं. यंदा ते तीसवर आलं होतं. ब्रॉनविनने तीन सामन्यांची चित्रणं पुन्हा पुन्हा थांबवून, पडद्यावर पट्टी धरून ते मोजलं होतं. दहा सेंटीमीटर म्हणजे वीतभरही नाही. पण चेंडू शेवटपर्यंत असा जवळ धरून ठेवणारी खेळाडू किक मारत नसते, चूक टाळत असते. बावीस वर्षं नव्या मुलींना फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, शिकवून ब्रॉनला एवढं कळत होतं. हे असं का झालं, ते मात्र कळत नव्हतं.

आज मंगळवार. पाच वाजता बैठक होती. पुढच्या वर्षासाठी कोणाला ठेवायचं आणि कोणाला सोडायचं, हे तिथे ठरायचं होतं. इंडीबद्दलचा शब्द ब्रॉनचा होता, आणि तो ती तीन आठवडे पुढे ढकलत आली होती.

"अंडी उबवतेयस का गं?" मुख्य प्रशिक्षक डेल प्राउसने तिला किटलीपाशी गाठलं. "ठेवायची की सोडायची, दोनच तर शब्द आहेत."

"आकडे बघतेय."

"मग काय म्हणतायत आकडे?"

"सगळं वाढलंय. धावणं, टॅकल, मुठीने दिलेले पास. गोल तेवढे गेले. एकोणीस होते, यंदा चार."

"तेच म्हणतोय मी. पोरगी सोन्यासारखी आहे. मध्यंतराला संत्री कापायला पहिली, जर्सी धुवायला पहिली. पण मैदानात ती करते काय, सांग ना? अशा सहा जणी आहेत माझ्याकडे. सातवी कशाला?"

"तशी आपणच केली ना तिला?"

"आपण तिला माणसांत आणली, बाई!" डेलने हातातल्या मीट-पाईवर सॉस ओतला. "आली तेव्हा गाडीत बसून एकटी डबा खायची. आठवतं का?"

आठवत होतं. डेल बोलला त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि अडचण तीच होती.

इंडी काझ्मारेक मॅली नावाच्या कोरड्या मुलखातल्या एका गव्हाच्या गावातून आली, तेव्हा अठरा वर्षांची होती. कोणाशी बोलायची नाही, कोणाला पास द्यायची नाही. पण मैदानाच्या कडेला, जिथून गोलाचे चारही खांब एकामागे एक दिसतात, तिथून ती पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू असा कापायची की तो हवेत वळून थेट मधल्या दोन खांबांतून आत जायचा. त्या किकला सगळे केळंच म्हणतात. मारतात बऱ्याच जणी. आत जातं क्वचित. इंडीने तीनदा मारलं तर दोनदा जायचं.

बॅरमूर क्लबात सोमवारी रिंगण असतं. एक जण मधे उभी राहते. बाकीच्या तिला तोंडावर सांगतात, तुझ्या खेळातली एक गोष्ट ठेव, एक सोड. सोडायची ती चिठ्ठीवर लिहून तिच्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवायची, आणि ती खरोखर सुटेपर्यंत काढायची नाही. तिथे कोणी रडत नाही, कोणी उलट बोलत नाही. याच रिंगणाने बॅरमूरला तळातून वर आणलं, असं सगळे मानतात. ब्रॉनही मानायची.

गेल्या वर्षी एक सामना दोन गुणांनी गेला. शेवटच्या मिनिटाला इंडीने केळं मारलं, ते खांबावर आपटलं, आणि मधे कॅप्टन मार्डी हात वर करून मोकळी उभी होती. त्या सोमवारी इंडीला नऊ चिठ्ठ्या मिळाल्या. शब्द थोडे वेगळे, मजकूर एकच. केळं बंद.

नवल हे की इंडीने ऐकलं. एका आठवड्यात बंद केलं. मग मुली तिला जेवायला बोलावू लागल्या, मार्डीने तिला स्वतःच्या घरातली मागची खोली दिली. इंडी हसायला लागली.

तिला क्लबाने घडवलं की बिघडवलं? शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होती तेव्हा ब्रॉन मुलांना बजावायची, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि एक नमुना न बदललेला बाजूला ठेवा. न बदललेली इंडी कोणी बाजूला ठेवली नव्हती. इंडीसाठी समुद्राकाठच्या एका क्लबातून दोनदा फोन आला होता. "ती अजून तसं मारते का हो?" एवढंच त्या बाईने विचारलं होतं. बघून सांगते, म्हणत ब्रॉनने दोन्ही वेळा फोन ठेवला होता.

म्हणून आज तिने इंडीला चार वाजताच बोलावलं होतं.

इंडी नर्सरीतल्या कामावरून थेट आली. नखांत माती होती. मैदानात दुसरं कोणी नव्हतं. गुणफलकाच्या बाजूने बोचरा वारा येत होता. ब्रॉनने तिला कडेच्या रेषेवर नेलं आणि चेंडू हातात दिला.

"मार."

"कोणाला?"

"कोणाला नाही. गोल मार."

"इथून? इथून आत द्यायचा असतो ना?"

"आत कोण आहे?"

इंडीने खरंच पाहिलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. गोलासमोर दोन सीगल चोची खुपसत होते. "ते दोघे मागच्या फळीतले दिसतायत," ती म्हणाली, "जागचे हलत नाहीत." दोघी हसल्या. पण तिने आधी पाहिलं होतं, हे ब्रॉनच्या नजरेतून सुटलं नाही.

पहिली किक कुंपणावर गेली. दुसरी गवतातून घसरत गेली. तिसरी बाहेरच्या खांबाला लागली. चौथ्या वेळी हात थोडा वर राहिला, चेंडू मोकळा पडला, हवेत वळला आणि मधल्या खांबांच्या बरोबर मधून गेला. सीगल उडाले.

"सॉरी," इंडी म्हणाली.

"कोणाला सॉरी?"

इंडी गोंधळली. "माहीत नाही गं. सवय."

चेंडू आणायला दोघींपैकी कोणीच गेली नाही.

"त्या नऊ चिठ्ठ्यांतली एक माझी होती," ब्रॉन म्हणाली.

"माहीत आहे. तुझं अक्षर फळ्यावरचं आहे. लांबून वाचता येतं."

"राग नाही आला?"

"का येईल? खरंच होतं ना ते?"

त्या सोमवारी ते खरं होतं. त्यानंतरच्या सोमवारांचं ब्रॉनला सांगता येईना.

"आज बैठक आहे ना?" इंडीने नखातली माती काढत विचारलं. "मला इथून जायचं नाही, ब्रॉन. गावात मी धान्याच्या सायलोच्या भिंतीवर एकटीच मारत बसायचे. भिंत चेंडू परत देते, पण बोलत नाही. इथे माणसं आहेत."

ब्रॉनच्या मनात आलं, चिठ्ठ्या काढून टाकता येतील. मग पुढचा विचार आला. लिहिणाऱ्या बाकीच्या आठ जणी मैदानात तिच्या आजूबाजूलाच असणार, आणि हिला त्यांचं प्रेम गमवायचं नाही. इथे राहिली तर ती पुन्हा तसं मारणार नाही.

फाटकातून मार्डीची गाडी आत आली. तिने खिडकीतून इंडीला आडनावावरून हाक मारली, "काय गं कॅझ, लपून सराव? आम्हाला कळू नये म्हणून?" इंडी हसली, धावत जाऊन चेंडू उचलला आणि खांबांकडे पाठ करून मार्डीकडे अलगद पाठवला. अचूक. हात खाली, अंतर तीस सेंटीमीटर. त्याहून कमीच.

इंडी परत आली. घड्याळात पाच वाजायला सात मिनिटं होती. क्लबघराच्या पायरीवरून डेल हात हलवत होता.

"मग? काय सांगणार आहेस आत?" इंडीने विचारलं.

आपण बरोबर आहोत का, हे ब्रॉनला अजूनही कळत नव्हतं. कळेल अशी शक्यताही दिसत नव्हती. तिने हात खिशात घातले, आणि तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला.

"तुला सोडा, असं सांगणार आहे."