पुसलेली दोन बटणं

मित्रांनो, माझ्याकडे नीट बघितलंत तर माझी दोन बटणं कोरी दिसतील. त्यांच्यावर सी आणि व्ही ही अक्षरं होती. बाकीची अक्षरं अजून शाबूत आहेत. मी एक म्हातारा कीबोर्ड, तेव्हा अंग थोडं झिजायचंच. पण नेमकी हीच दोन बटणं का झिजली, ते मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. समोरून काळ्या प्लॅस्टिकचे सांगाडे सरकत यायचे आणि एक बाई अंगठ्याने टक् टक् करत एकेक बटण जागेवर बसवायची. मग खोक्यातला अंधार, मग दुकानाची फळी. तिथून मला एका मुलीने घरी आणलं. तिला घरात सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताईचे बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. नुसता आवाज ऐकून ते मशीनचं दुखणं ओळखत, असं येणारा-जाणारा सांगे. मी ते पाहिलं नाही. मी आलो तोवर त्यांचे हात थरथरू लागले होते. हातात स्क्रू धरला की तो टेबलावर वाजायचा. गिऱ्हाइकं आपोआप कमी झाली. बाबा कुणाला दोष देत नसत, पण एकदा ते ताईला म्हणाले, "पोरी, हात गेले त्याचं एवढं नाही. डोक्यात आहे ते सगळं माझ्याबरोबर जाईल, त्याचं वाईट वाटतं."

मग ताईने एक वेबसाइट तयार केली. बाबा आरामखुर्चीत बसून सांगायचे आणि ती माझ्यावर टाइप करायची. टाके का सुटतात, सुई का मोडते, तेल कुठे घालायचं आणि कुठे अजिबात घालायचं नाही. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. माझं एकही बटण तेव्हा रिकामं बसत नव्हतं.

पण वेबसाइटकडे कुणी फिरकेना. मित्रांनो, इंटरनेटची रीत माणसांसारखीच असते. चार ओळखीच्या लोकांनी एखाद्या शिंप्याचं नाव सांगितलं की आपण त्याच्याकडे जातो. तसंच दुसऱ्या वेबसाइटांनी आपल्या पानाचा पत्ता, म्हणजे लिंक दिली, की शोधणाऱ्याला ते पान वर दिसतं. नाहीतर ते कुठल्या कुठे तळाला पडून राहतं.

म्हणून ताई शिवणकामावर लिहिणाऱ्या लोकांना ईमेल पाठवू लागली. आधी त्यांचं लिखाण वाचायची, मग त्यातलं काय आवडलं ते लिहायची आणि शेवटी बाबांच्या पानाबद्दल दोन ओळी. सकाळभरात एखादंच पत्र व्हायचं. उत्तरंही थोडीच यायची. तरी शिवण शिकवणाऱ्या एका बाईंनी लिंक दिली, तेव्हा बाबांनी त्या बाईंचं उत्तर पुन्हा पुन्हा वाचायला लावलं.

हळूहळू बाबांचं बोलणंही जड होऊ लागलं. ताईला घाई झाली. बाबांच्या डोळ्यांदेखत लोकांनी ते पान वाचावं, एवढंच तिला हवं होतं. त्याच सुमारास तिचा मामेभाऊ आला. तो जाहिरातीच्या कंपनीत कामाला होता. हसून म्हणाला, "अगं, एकेकाला कसली पत्रं लिहीत बसतेस? एक साचा कर. नाव बदल, लेखाचं शीर्षक बदल आणि दे पाठवून. उत्तर नाही आलं की चार दिवसांनी आठवणीचं पत्र. सगळे असंच करतात."

झालं! माझे वाईट दिवस सुरू झाले. आता ताई लिहीत नसे, फक्त चिकटवत असे. सीने मजकूर उचलायचा, व्हीने टाकायचा. 'आपला अमुक लेख वाचून फार आनंद झाला. असंच लिहीत राहा.' अमुकच्या जागी शीर्षक. लेख वाचायला वेळ कुणाला? बाकीची बटणं धूळ खात बसली. माझ्या फटींत बिस्किटाचे तुकडे साठले, एकदा चहाही सांडला, पण ताईचं लक्षच नव्हतं. पत्रं शेकड्यांनी गेली. उत्तर एकाचंही आलं नाही.

आणि एके दिवशी आलं.

एका वेबसाइटवर ताईला 'अर्धा राहिलेला फ्रॉक' असं शीर्षक दिसलं होतं. शिवणकामाचं असणार म्हणून तिने साचा पाठवून दिला. चार दिवसांनी आठवणही पाठवली: 'माझं पत्र आपल्या नजरेतून सुटलं असावं.' ते पान एका आजोबांचं होतं. त्यांनी लिहिलं, "तुमचं पत्र माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. माझा लेख तुमच्या नजरेतून सुटला. त्यात मी माझी बायको गेल्याचं लिहिलं आहे. तुम्हाला आनंद कशाचा झाला?"

ताईचे हात माझ्यावरच थबकले.

"कुणाचं पत्र?" बाबांनी विचारलं. तिने रडत रडत वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "आधी त्यांचं ते पान वाच. सगळं. मोठ्याने."

लेखात होतं: आजी, म्हणजे त्यांची बायको, नातीसाठी फ्रॉक शिवत होत्या. मध्येच मशीन अडकलं, चाक हलेना. दुरुस्त करू, दुरुस्त करू म्हणता म्हणता त्या आजारी पडल्या आणि गेल्या. फ्रॉक अजून सुईखालीच होता. कापड ओढलं तर फाटेल, आणि आजींनी घातलेले टाके कापायला आजोबांचा हात धजत नव्हता.

बाबा खुर्चीत ताठ बसले. "दोरा शटलमध्ये, सुईखालच्या त्या फिरत्या भागात गुंतलाय," ते म्हणाले. "वरून ओढायचं नाही, कापायचंही नाही. लिही, मी सांगतो."

शब्दाशब्दाला थांबत त्यांनी सांगितलं. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय वर उचला. खालून बॉबिनची, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी काढा, तिच्यामागचं शटल मोकळं करा. गुंता चिमट्याने सोडवा, मग एक थेंब तेल. ताईने सुरुवातीला स्पष्ट लिहिलं, 'मी तुमचा लेख न वाचताच पत्र पाठवलं. माझं चुकलं.' शेवटी सवयीने ती बाबांच्या पानाचा पत्ता घालणार, तोच बाबा म्हणाले, "तो नको. दुसऱ्याच्या दुःखात आपलं दुकान मांडायचं नसतं."

त्या दिवशी माझी सगळी बटणं पुन्हा जागी झाली.

बरेच दिवस काहीच आलं नाही. मामेभाऊ म्हणाला, "सोड ना. असली पत्रं आता कोण वाचतं? तो जमाना गेला." ताई म्हणाली, "लोक वाचतात रे. आपणच त्यांचं वाचायचं सोडलं."

मग आजोबांचं उत्तर आलं. फ्रॉक मोकळा झाला होता, एकही टाका न तुटता. त्यांच्या सुनेने तो पुरा केला होता. ताईच्या पहिल्या पत्रातल्या पत्त्यावरून बाबांचं पान त्यांनी स्वतःच उघडून वाचलं होतं आणि आपल्या लेखाच्या तळाशी लिहिलं होतं, 'तिचं मशीन पुन्हा चालू झालं. कसं, ते ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडेच वाचा.' खाली लिंक होती.

बाबा म्हणाले, "मला पुढे घे. हे उत्तर मी लिहिणार."

त्यांनी मला आजवर कधी हात लावला नव्हता. एकच बोट, तेही थरथरणारं. 'आभारी आहे' एवढंच लिहायला अख्खी सकाळ गेली. ताई मदतीला पुढे झाली, तर म्हणाले, "राहू दे. जमतंय."

लगेच काही लोकांची रीघ लागली नाही. पण त्या वाटेने एकेक जण येऊ लागला, विचारू लागला. ते सगळं बाबांनी ऐकलं. पुढच्या वर्षी ते गेले.

आता ताईकडे नवा कीबोर्ड आहे आणि मी बाबांच्या टेबलावर असतो. पण कुणी अडलेल्या मशीनबद्दल विचारलं, की उत्तर लिहायला ती मलाच जोडते. आधी फडक्याने पुसते, मग आलेलं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. मित्रांनो, तुमच्या कीबोर्डवर धूळ बसू देऊ नका, आणि कुणाला लिहाल तर त्याचं आधी वाचा. शेकडो पत्रांनी माझी दोन बटणं पुसली, ती पत्रं कुणाला आठवतही नसतील. बाबांचं दोन शब्दांचं पत्र मात्र आजोबांनी कागदावर छापून आजींच्या मशीनवर लावून ठेवलं आहे.