खोलीपुरता लाभांश

“आत्या, तू लोकांचे फोन चोरून ऐकायचीस का गं?”

प्रश्न माझा नव्हता, मैत्रिणींचा होता. मधल्या सुट्टीत पैज लागली होती, आणि पैज लागली की मी मागे हटत नाही हे आता सगळ्या शाळेला कळलंय. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला इतकं हळू ‘हजर’ म्हणायचे की माझी गैरहजेरी लागायची. यंदा वाणिज्य मंडळात भाषण केलं, वर्ग हसला, मॅडमही हसल्या. तेव्हापासून माझं तोंड बंद करायचं बटण सापडत नाही, असं आईचं म्हणणं.

आत्या पलंगावर बसून पेपरातलं शेअरबाजाराचं पान वाचत होती. ती टेलिफोन ऑपरेटर होती. परगावी फोन लावायला मध्ये एक माणूस लागायचं ना, ते माणूस म्हणजे ती. पुढे यंत्रं आली, तिला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं, आणि या वर्षी ती निवृत्त झाली.

चष्म्यावरून तिनं मला पाहिलं. “कोणी पाठवलं तुला, भिंगरे?”

“संशोधन आहे.”

“ऐकायचे तर! दोन्हीकडून हॅलो आलं की नाही बघायचं, मग कळ फिरवून बाहेर पडायचं. नियमच होता तसा.”

“आणि बाहेर पडलंच नाही तर?”

“एक बाई होती. दुपारी लाइनी मोकळ्या असल्या की नंबर लावायला सांगायची. पलीकडे घंटा वाजत राहायची. मी म्हणायचे, कोणी उचलत नाही हो. ती म्हणायची, जरा आणखी वाजू दे. एकदा मी विचारलंच, तिथं असतं तरी कोण? तर म्हणाली, कोणी नाही, माझंच घर आहे, बंद असतं. घंटा वाजली की मला आतलं सगळं दिसतं.”

पैजबिज विसरून मी तिच्या पलंगावर जाऊन बसले. “मग?”

“मग काय, वाजू दिली. सुपरवायझर फेरीवर येईपर्यंत.” तिनं पेपराची घडी घातली. “हेवा वाटायचा मला तिचा. बंद का असेना, कुलूप तिचं होतं.”

तेवढ्यात दार उघडून आई वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन आत आली आणि तो आत्याच्या पायांवर ठेवून गेली. इस्त्रीचं टेबल याच खोलीत असतं. बाबांचा प्रिंटर, जुनी सूटकेस, आजोबांची काठी, सगळं इथेच. म्हणायला खोली माझी आणि आत्याची. आत्या लहानपणी भावंडांच्या गर्दीत झोपली, मग ऑपरेटर मुलींच्या हॉस्टेलमध्ये, मग इथे. आतून कडी लावता येईल असं दार तिच्या वाट्याला कधी आलंच नाही.

म्हणून तिनं एक खोली बघून ठेवली होती. शिंप्याच्या दुकानावर, पूर्वेला खिडकी, स्वयंपाकाचा कट्टा, आणि दाराला आतून कडी. ती खोली दाखवायला मला घेऊन गेली तेव्हा तिनं कडी लावली, काढली, पुन्हा लावली, आणि माझ्याकडे बघून हसली. घरमालकीण शिंपीणबाईंना वाटलं, कडीच बिघडलीय.

आता प्रश्न भाड्याचा. निवृत्तीचे पैसे आले होते, आणि त्यातून दरवर्षी निदान भाडं निघायला हवं होतं. बाबा म्हणत होते मुदत ठेव. ठेवीच्या व्याजात औषधं आणि फोनचं बिल निघत होतं, खोली निघत नव्हती. आत्या म्हणत होती, टेलिफोन कंपन्यांचे शेअर घ्यायचे आणि लाभांशावर राहायचं.

रविवारी जेवणाच्या टेबलावर बैठक बसली. मी स्वतःच स्वतःला आर्थिक सल्लागार नेमलं.

“ताई, नुसतं हॅलो म्हणून पैसे येत नाहीत,” बाबा म्हणाले.

“जन्मभर हॅलो म्हणूनच आले की रे मला,” आत्या म्हणाली. “माणूस एक वेळ जेवण टाळेल, फोन नाही टाळत. भाव पडो की चढो, बिल भरतंच.”

मी तीन कंपन्या मांडल्या. पहिली सगळ्यांत मोठी, भक्कम, पण लाभांश चिमूटभर. नफा झाला की नव्या यंत्रांत घालते. दुसरी नुसते टॉवर उभारून दुसऱ्या कंपन्यांना भाड्यानं देते. लाभांश बरा, पण मोठा भाडेकरू एकच. तो उठून गेला की टॉवरवर कावळे. आणि तिसरी, आत्याची जुनी कंपनी. शेअर पडलेला, डोक्यावर कर्ज, तरी गेल्या वर्षीचा लाभांश तिघींत भरघोस.

“त्याच दरानं मिळाला तर?” आईनं विचारलं.

“तर खोली,” आत्या म्हणाली. “वर थोडे उरतात. शाळेतून येताना ही यायची माझ्याकडे. कॉफी माझी.”

“तुम्हाला इथे काय कमी आहे, ताई?” आई दुखावून म्हणाली.

“काही कमी नाही गं. तेच सांगता येत नाही मला.”

मी मात्र आतल्या आत नाचत होते. आत्या गेली की खोली माझी एकटीची! पिवळे पडदे ठरवून झाले होते, कुठली मैत्रीण कधी राहायला येणार तेही.

सोमवारी वाणिज्यच्या मॅडमना मी ऐटीत सगळं दाखवलं. त्यांनी जुन्या कंपनीच्या आकड्यावर बोट ठेवलं. “कर्जात आहे ना ही? मग एवढा लाभांश आणला कुठून? आदल्या वर्षी किती होता?”

आदलं वर्ष मी बघितलंच नव्हतं. आत्यानंही नाही. आम्हाला दोघींना मोठा आकडा दिसला आणि आम्ही तिथेच खूश झालो.

मी शाळेच्या गच्चीच्या जिन्यात बसून कंपनीच्या भागधारक विभागाला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक दमलेला आवाज आला. मी मोठ्या बाईचा आवाज काढून विचारलं.

“तो विशेष लाभांश होता, मॅडम. एकदाच दिलेला. शहरातलं जुनं टेलिफोन एक्स्चेंज जागेसकट विकलं, त्याचे पैसे वाटले.”

“आणि यंदा?”

“यंदा काहीच जाहीर झालेलं नाही. आणखी काही मदत करू?”

आणखी काय मदत करणार होता तो!

घरी जाताना मी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. नाहीच सांगितलं तर? आत्या शेअर घेईल, खोलीत जाईल, कडी लावेल. माझे पिवळे पडदे लागतील. यंदाचा लाभांश बुडाल्याचं कळेल तेव्हा कळेल. शिंप्याच्या दुकानाशी आले तर आत्या वरच्या खिडकीत उभी होती. तिनं चावी मागून घेतली असावी. काही करत नव्हती. नुसती उभी होती, जणू खूप वर्षं तिथेच राहते. मला बघून तिनं हात हलवला. मी वर गेले आणि सांगून टाकलं.

तिनं पैशांचं काही विचारलं नाही.

“विकलं?” ती म्हणाली. “ट्रंक रूमसकट?”

“जागेसकट म्हणाला.”

“तिथं उन्हाळ्यात परगावचे फोन जोडताना आम्ही पाय थंड पाण्याच्या बादलीत सोडून बसायचो. वरून हेडफोन, खाली बादली.” ती हसली, मग हसू तसंच राहून गेलं. “म्हणजे मी तेच विकून खाणार होते म्हण.”

“आपण तिन्हींत थोडे थोडे घालू, आत्या. मी पुन्हा हिशोब करते ना...”

“केला मी मनातल्या मनात. बसत नाही.” तिनं खिडकी ओढून घेतली आणि काचेवरचा आपल्या हाताचा ठसा पदरानं पुसला. खाली जाऊन तिनं शिंपीणबाईंना चावी परत दिली. “खोली छान आहे हो तुमची,” म्हणाली, “कुणालाही आवडेल.”

घरी येऊन ती इस्त्रीला उभी राहिली. पैसे मुदत ठेवीत जाणार, थोडे टॉवरवाल्या कंपनीत, हे तिनं शर्टाची कॉलर फिरवता फिरवता बाबांना सांगितलं. “बरं झालं, वेळेवर कळलं,” बाबा म्हणाले. आत्या म्हणाली, “हो ना.” तो ‘हो ना’ मला ऐकवेना.

तिची इस्त्री संपताच मी टेबलाचे पाय दुमडले आणि ते ओढत हॉलमध्ये आणलं. मग प्रिंटर. मग सूटकेस. काठी मात्र हलकी निघाली. आई-बाबा सोफ्यावरून बघत होते.

“हे काय चाललंय?” आई म्हणाली. “आणि तुझी गादी इथे कशाला?”

“मी आजपासून हॉलमध्ये झोपणार,” मी म्हणाले. आवाज जरा फाटला, पण मी थांबले नाही. “अभ्यासही इथेच करीन. ती खोली आत्याची. तिच्या एकटीची. बाबा, उद्या सुताराला बोलवा, दाराला आतून कडी बसवून घ्यायचीय. आणि आत जायचं असेल तर आधी दार वाजवायचं. ती ये म्हणाली तरच जायचं. मीसुद्धा.”